ऐकून घेणारे कान

‘ऑडिशन’ या इंग्रजी शब्दाला आपण मराठीत ‘निवडचाचणी’ म्हणतो. अर्थ कळतो, पण मूळ शब्दाचा जीव त्यात उतरत नाही. हा शब्द लॅटिनमधून आला असून ‘आउदिरे’ या क्रियापदाचा अर्थ ‘ऐकणे’ असा आहे. त्या अर्थाने ऑडिशन देणारा माणूस परीक्षेला बसलेला नसतो, तो काही ऐकवायला आलेला असतो. आणि समोर बसलेल्यांचे पहिले कर्तव्य निवडण्याचे नसून ऐकण्याचे असते. ज्या समाजाच्या वाडवडिलांनी मिस्सासुद्धा लॅटिनमध्ये ऐकला, त्या समाजापुढे ही व्युत्पत्ती मांडण्याचे कारण असे, की २०२४ साली मी आणि माझी धाकटी मुलगी अशा एका ऑडिशनला सामोऱ्या गेलो. तेव्हापासून ‘ऐकणे’ आणि ‘निवडणे’ या दोन क्रियांविषयी माझ्या मनात जे घोळत आहे, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

वसई सोडून आम्हांला चौदा वर्षे झाली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका लहान गावी आम्ही राहतो. इकडे गावोगावी हौशी नाट्यसंस्था आहेत. त्यांना ‘कम्युनिटी थिएटर’ म्हणतात. दिवसा बँकेत, इस्पितळात, शाळेत नोकरी करणारी माणसे संध्याकाळी एकत्र येऊन नाटक बसवतात. नटांना मानधन नसते. नेपथ्याच्या फळ्या ठोकणारा निवृत्त सुतार, वेशभूषा शिवणाऱ्या आजीबाई, तिकिटे तपासणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, सारे स्वयंसेवक. पैसा लागतो तो मुख्यत्वे नाटकाच्या हक्कांसाठी, सभागृहासाठी आणि वाद्यवृंदासाठी. पुष्कळ संस्था अधूनमधून असे एक संगीत नाटक करतात, की ज्यात आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांना काम मिळावे आणि सर्वांनी मिळून ते पाहावे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून संगीत नाटक म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. फरक इतकाच, की इकडच्या संगीत नाटकात गाण्याच्या जोडीला नृत्यही असते आणि नटाला तिन्ही गोष्टी एका दमात कराव्या लागतात.

त्या वर्षी आमच्या गावच्या संस्थेने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ करायचे ठरवले. वाचनालयाच्या फलकावरील जाहिरात मुलीनेच प्रथम पाहिली. तिला तेव्हा दहावे वर्ष सरत आले होते. या नाटकावरून १९६५ साली निघालेला चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत किंवा धर्मग्रामाच्या सभागृहात पाहिलेला असेल. मूळ नाटक १६ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आले. संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे, गीते ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. साल्झबर्गच्या नॉनबर्ग मठात व्रतस्थ जीवनाची उमेदवारी करणारी मारिया, तिला मठाबाहेर पाठवणारी मठाध्यक्षा, विधुर कॅप्टन फॉन ट्राप आणि त्याची सात मुले ही कथा सर्वपरिचित आहे. सात मुले आणि मठभर धर्मभगिनी असल्यामुळे हौशी संस्थांना हे नाटक सोयीचे पडते. मुलांना काम मिळते आणि त्यांना सोडायला आलेल्या आयांनाही!

मुलीला दहा वर्षांच्या ब्रिगिटाची भूमिका हवी होती. मी येथील चर्चच्या गायनवृंदात गाते, म्हणून धर्मभगिनींच्या वृंदासाठी मीही अर्ज भरावा असा तिने हट्ट धरला. अर्ज दोन पानी होता. उंची, वय, आवाजाची पट्टी, पूर्वीचा अनुभव, कोणत्या दिवशी तालमीला येता येणार नाही, असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात मी पवित्र आठवड्याचे दिवस लिहिले. त्या वर्षी गुड फ्रायडे २९ मार्चला येत होता आणि नाटकाचे प्रयोग एप्रिलमध्ये होते. सर्वांत खाली एक प्रश्न होता: तुमच्या कुटुंबातील अन्य व्यक्तीची निवड न झाल्यास तुम्ही भूमिका स्वीकाराल काय? मुलीच्या अर्जावर मी ‘होय’ लिहिले. माझ्या अर्जावरील रकाना कोराच ठेवला.

तो कोरा का राहिला हे सांगायचे तर मला वसईला परत जावे लागेल.

माझ्या लहानपणी आमच्या धर्मग्रामात नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साआधी मुलांचा जिवंत देखावा होत असे. त्याची निवड आगमनकाळात एका रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर होई. आम्हांला रांगेत उभे करीत. कोणाला गाता येते, कोणाचे पाठांतर चांगले आहे, हे विचारण्याची पद्धत नव्हती. बाईंची नजर रांगेवरून फिरे आणि बोटे उचलली जात. सर्वांत गोरी मुलगी पवित्र मरिया, तिच्या खालोखाल उजळ मुली देवदूत, आणि उरलेल्या आम्ही मेंढपाळ. मी सलग सहा नाताळ मेंढपाळ होते. घोंगडी पांघरून गव्हाणीच्या कडेला गुडघे टेकायचे आणि कापसाचे कोकरू धरून ठेवायचे, एवढेच काम. एका वर्षी माझ्या आईने धीर करून विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “अहो, लांबून चेहरा दिसला पाहिजे ना!” नाझरेथसारख्या उन्हातल्या गावात विहिरीवरून पाणी वाहणारी सुताराची पत्नी गोरीपानच असली पाहिजे, हे कोणी ठरवले, असा प्रश्न विचारण्याचे ते वय नव्हते, आणि ज्यांचे वय होते त्यांनी तो विचारला नाही.

माझी मुलगी माझ्या वर्णावर गेली आहे. ऑस्ट्रियातील एका नौदल अधिकाऱ्याच्या सात मुलांत तिला कोण उभी करणार? सर्व वंशांच्या कलावंतांचे स्वागत आहे असे जाहिरातीत छापले होते, हे खरे. पण छापलेले स्वागत आणि रांगेवरून फिरणारी नजर या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे मला आठव्या वर्षीच कळले होते. तिला जाऊ नको म्हणावे, तर ती का म्हणून विचारणार. आणि ‘का’चे उत्तर देणे म्हणजे माझी घोंगडी तिच्या खांद्यावर टाकणे होते. म्हणून मी तिला काही बोलले नाही. रोज संध्याकाळी पियानोवर तिचा सराव घेत राहिले.

मुलांनी ‘डो-रे-मी’ हे नाटकातलेच गाणे म्हणायचे होते. सराव करताना मी तिला त्या स्वरनामांची गोष्ट सांगितली. अकराव्या शतकात ग्विदो नावाचा बेनेडिक्टाइन संन्यासी इटलीतील अरेझ्झो येथे मुलांना स्तोत्रे शिकवीत असे. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून एक स्वर वर सुरू होते, हे हेरून त्याने त्या ओळींची पहिली अक्षरे स्वरांना नावे म्हणून दिली. पहिला स्वर तेव्हा ‘उत्’ होता. पुढे त्याचा ‘डो’ झाला. मारिया ज्या नॉनबर्ग मठात राहिली तो इसवी सन ७१४च्या सुमारास संत रूपर्ट यांनी स्थापन केलेला मठही बेनेडिक्टाइनच. म्हणजे रंगमंचावरची मारिया मुलांना जे शिकवते ते तिच्याच संघाच्या एका भावाने शोधलेले आहे. मुलीला ही गोष्ट फार आवडली. दोन दिवस ती गाण्यात मुद्दाम ‘डो’च्या जागी ‘उत्’ म्हणत होती.

ऑडिशनच्या दिवशी शाळेच्या सभागृहाबाहेर साठ-सत्तर मुले छातीवर क्रमांक लावून बसली होती. आत एका टेबलामागे चौघे होते: दिग्दर्शक, संगीत-दिग्दर्शिका, नृत्य बसवणाऱ्या बाई आणि संस्थेच्या एक कार्यकर्त्या. बाजूला पियानोवादक. पालकांना आत मज्जाव. नियम असा, की प्रत्येकाने गाण्याचे सोळा बार म्हणायचे. हे साधारण अर्ध्या मिनिटाचे काम. सोळा बार झाले, की पियानो थांबे, आतून “थँक यू” असा सौम्य आवाज येई आणि पुढचा क्रमांक पुकारला जाई. दार पुरते लागत नसल्यामुळे बाहेर बसलेल्या आम्हां आयांना सगळे ऐकू येत होते. कोणाचा आवाज वरच्या स्वरावर फाटे, कोणी शब्द विसरे, कोणी भीतीने निम्म्या आवाजात गाई. एक लहानगा तर आत गेला आणि न गाताच रडत बाहेर आला. दिग्दर्शक स्वतः त्याच्यामागून आले, बाकावर त्याच्याशेजारी बसले आणि तो शांत झाल्यावर त्याला हाताला धरून पुन्हा आत घेऊन गेले. त्या वेळी तो गायला.

मुलीचा क्रमांक आला. मी मनात बार मोजत होते. सोळा झाले. पियानो थांबला नाही. ती पुढे गात राहिली, पियानो तिच्याबरोबर जात राहिला आणि गाण्याचा तो सबंध भाग संपेपर्यंत कोणी मध्ये बोलले नाही. मग संगीत-दिग्दर्शिकेने तिला काही विचारले. मुलीचे उत्तर मला स्पष्ट ऐकू आले. तिने इंग्रजीत सांगितले, “माझी आई गाते. आणि आईचे आजोबा गायचे, पण ते आता नाहीत.”

आठवड्याने आम्हां दोघींना दुसऱ्या फेरीला बोलावणे आले. या फेरीला ऐकण्याचे काम बरेचसे झालेले असते. आता जुळवाजुळव असते. वीस-बावीस मुलांना सात-सातच्या गटांत उभे करीत होते. सात भावंडे रंगमंचावर उतरत्या उंचीने, जिन्याच्या पायऱ्यांसारखी उभी राहिली पाहिजेत. दिग्दर्शक एकाला काढीत, दुसऱ्याला घालीत, चार पावले मागे जाऊन पाहत. माझी मुलगी वयाच्या मानाने उंच आहे. ब्रिगिटाहून एका वर्षाने मोठ्या कुर्टसाठी ज्या मुलावर सर्वांचा डोळा होता, तो तिच्या कानाला लागत होता. तिला तीनदा रांगेत घेतले आणि तीनदा बाजूला केले. यावेळी पालकांना मागच्या खुर्च्यांवर बसू दिले होते. रांग आणि रांगेवरून फिरणारी नजर मी पस्तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा पाहत होते.

त्याच संध्याकाळी मोठ्यांची फेरी होती. आम्हां आठ बायकांच्या हाती संगीत-दिग्दर्शिकेने एक पान दिले. नाटकाचा पडदा उघडतो तो धर्मभगिनींच्या लॅटिन प्रार्थनेने, आणि तिचे पहिले शब्द आहेत ‘दिक्सित दोमिनुस’. संध्याप्रार्थनेतील हे स्तोत्र माझ्या आजोबांच्या तोंडी असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५च्या सुमारास, आपली उपासना मराठीत येऊ लागली. त्यापूर्वी सणाच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या माडीवर उभे राहून ते ही स्तोत्रे गात. पुढे ती गाण्याचे प्रसंग उरले नाहीत, तेव्हा आजोबा केळीच्या आळ्यांत पाटाचे पाणी फिरवताना ती म्हणत. मी त्यांच्यामागून फिरे. अर्थ त्यांना थोडाच ठाऊक होता, मला मुळीच नव्हता. पण शब्द अंगात मुरले. रॉजर्स यांची चाल आजोबांच्या चालीहून निराळी आहे, तरी उच्चारांना मला अडखळावे लागले नाही. संगीत-दिग्दर्शिकेने हात वर करून सर्वांना थांबवले आणि हे लॅटिन कोठे शिकलात, असे मला विचारले. मी म्हटले, “केळीच्या वाडीत.” ती हसली, मग मी तिला वसईबद्दल सांगितले आणि तिने ते सगळे ऐकून घेतले.

रविवारी संध्याकाळी ई-मेलने यादी आली. धर्मभगिनींच्या वृंदात माझे नाव होते. सात मुलांत माझ्या मुलीचे नव्हते.

त्या यादीतील एक मुलगी कोरियन आईवडिलांची होती. तेव्हा रंगामुळे माझ्या मुलीला डावलले असे मी म्हणू शकत नाही. केवळ उंचीमुळेच डावलले असेही म्हणू शकत नाही. हौशी काय किंवा व्यावसायिक काय, रंगभूमीवर नकाराचे कारण सांगण्याची प्रथा नाही. आभाराच्या दोन ओळी येतात आणि कारण ज्याचे त्याने शोधायचे असते. सावळ्या मुलाच्या आईला त्या शोधात एक वाट जास्तीची दिसते, इतकेच. ती वाट खोटी आहे असे कोणी तिला खात्रीने सांगू शकत नाही आणि खरी आहे असेही नाही.

मुलगी त्या रात्री पुष्कळ रडली. जेवली नाही. मी तिची समजूत घालण्याचा प्रयत्न केला नाही. नुसती शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “मम्मी, त्यांनी मला थांबवलं नाही ना गं? बाकीच्यांना थांबवत होते. माझं त्यांनी सगळं ऐकलं.” त्या वाक्याने मला जे झाले ते शब्दांत मांडणे कठीण आहे. सहा नाताळ मेंढपाळ असताना मला मरिया व्हायला मिळाले नाही याचे दुःख नव्हते. मला गाता येत होते आणि ते कोणाला ठाऊक नव्हते, हे दुःख होते. माझ्या मुलीला नकार मिळाला, पण ते दुःख तिच्या वाट्याला आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या कार्यकर्त्यांचा फोन आला. माझ्या अर्जावरील तो रकाना कोरा असल्याने त्यांना माझा होकार हवा होता. मी नाही म्हणण्याच्या तयारीत होते. मुलगी समोर उभी होती. हाताने फोन झाकून मी तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, “तू नाही गेलीस तर आपल्यातलं कोणीच जाणार नाही.” मी होकार दिला.

तालमी दहा आठवडे चालल्या आणि त्यांतला बराचसा काळ उपवासकाळात गेला. मुलगी घरी माझे पाठांतर घेई. लॅटिनचे पान हातात धरून चुकलेल्या शब्दाला खाकरत असे. नाटक आतून पाहू लागल्यावर काही गोष्टी नव्याने दिसल्या. रॉजर्स ज्यू घराण्यातले. कॅथलिक उपासनासंगीताशी आपला परिचय नाही, हे जाणून ते न्यूयॉर्कजवळच्या मॅनहॅटनव्हिल महाविद्यालयात गेले आणि तेथील संगीत विभागाच्या प्रमुख मदर मॉर्गन यांच्याकडून त्यांनी ते संगीत ऐकून घेतले. आज जगभर कॅथलिक मठाचा ध्वनी म्हणून जो ओळखला जातो, तो एका ज्यू संगीतकाराने धर्मभगिनींपुढे श्रोता होऊन मिळवला आहे.

दुसरी गोष्ट अशी, की हे सबंध नाटकच निवडीविषयी आहे. पहिल्याच प्रवेशांत धर्मभगिनी मारियाविषयी वाद घालतात: ही मठात राहण्यास योग्य की अयोग्य? आम्ही तिच्या निवडसमितीतच बसलो होतो म्हणा ना! आणि मठाध्यक्षा तिला बाहेर पाठवते. परंतु पाठवण्याआधी तिचे सर्व ऐकते. प्रत्यक्षात मारिया १९२६ साली कॅप्टनच्या एका आजारी मुलीची शिक्षिका म्हणून त्या घरी गेली आणि पुढल्या वर्षी तिचा विवाह झाला. त्या कुटुंबाचे गाणे घराबाहेर गेले तेही एका ऐकणाऱ्या कानामुळे. १९३६ साली प्रसिद्ध गायिका लोट्टे लेहमान यांनी त्यांना गाताना ऐकले आणि साल्झबर्गच्या स्पर्धेत उतरण्याचा आग्रह धरला. १९३८ साली ते कुटुंब देश सोडून निघाले ते डोंगर चढून नव्हे, तर आगगाडीने इटलीला. त्यांच्यासोबत फादर फ्रान्झ वास्नर नावाचे धर्मगुरू होते. सुमारे वीस वर्षे त्यांनी या कुटुंबाचे गायन घडवले. स्वररचना केल्या, तालमी घेतल्या. नाटकात आणि चित्रपटात त्यांना स्थान नाही. त्यांच्या जागी एक विनोदी व्यवस्थापक आला. निवड म्हटली, की कोणी ना कोणी राहून जातेच. कधी ज्याच्यामुळे सारे घडले तोच राहून जातो.

नाटकाचे सहा प्रयोग झाले. मुलगी तीन प्रयोगांना आली. ब्रिगिटा झालेल्या मुलीविषयी ती पहिल्या दिवशी काही बोलली नाही. तिसऱ्या प्रयोगानंतर मात्र म्हणाली, “चांगली गाते ती.” या तीन शब्दांना तिला किती कष्ट पडले, ते मला दिसले.

निवड अटळ आहे. सात मुलांच्या कथेत सत्तर मुले उभी करता येत नाहीत आणि गव्हाणीपाशी एकच मरिया असते. पण निवडीआधी प्रत्येक मुलाला पुरते ऐकणे अटळ नाही, ते आपल्या हाती आहे. आणि नेमके तेच आपल्याकडून राहून जाते, कारण पाहायला क्षण पुरतो आणि ऐकायला वेळ लागतो. आपल्या धर्मग्रामांत गाणारी, बोलणारी, पाठांतर करणारी किती मुले घोंगडीखाली दरवर्षी गप्प बसत असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

वसईत माझ्या एक वहिनी नाताळचा देखावा बसवतात. त्यांना मी हे सारे फोनवर सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, “अगो, चाळीस मुलं असतात. एवढ्यांना ऐकत कोण बसणार?” पण २०२४च्या आगमनकाळात त्या बसल्या. प्रत्येक मुलाला एकेकटे बोलावून त्यांनी दोन ओळी म्हणायला लावल्या आणि कोणालाही मध्ये थांबवले नाही. नंतर त्यांनीच मला कळवले, की चाळीस मुलांना दोन संध्याकाळी पुरल्या.

वाचकहो, येत्या नाताळच्या देखाव्याची निवड आपापल्या धर्मग्रामात होईल, तेव्हा तेवढ्या दोन संध्याकाळी राखून ठेवाव्यात, एवढीच विनंती.